भोक असलेलं नाणं

रविवारी कारखाना बंद.
मालक म्हणाले, पाहुण्याला देवळं दाखवून आण,
भाषा तुला येते.
भाषा म्हणजे काय, राजारामपुरीतला संध्याकाळचा क्लास,
दोन परीक्षा पास, तिसरीत दांडी.

कुरोकावा-सान साडेपाचलाच लॉजच्या पायरीवर,
इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.
बाबासो मगदूम म्हणाला, "ह्यो माणूस झोपतोय का न्हाई?"
मी भाषांतर केलं :
गाडी तयार आहे, असं म्हणतायत.

अंबाबाईच्या रांगेत
ते खांबाखांबावर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले,
शिरोलीत कास्टिंगवर करतात तशी,
कान लावून.
म्हणाले, तडा नाही.
उंबऱ्याशी पोचल्यावर दोनदा वाकले,
दोन टाळ्या वाजवल्या,
पुन्हा एकदा वाकले.
मागच्या बाईच्या कडेवरचं पोर
टाळ्या पिटतच राहिलं
आणि कुणीतरी ओरडलं, चला, पुढं सरका.

जोतिबावर गुलाल.
मी सांगणार होते, सदऱ्याला लागला तर जायचा नाही,
पण 'डाग' हा शब्द आठवेपर्यंत
एका म्हाताऱ्यानं मूठ उधळली होती.
चांगभलं त्यांनी तीनदा म्हणून बघितलं,
तिन्ही वेळा चांगुबारू झालं.
मग गाडीत दिवसभर बाबासोचंही चांगुबारूच,
प्रत्येक खड्ड्याला.

वाडीला कवठाची बर्फी.
तिचा कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.
कुरुंदवाडाच्या पुढं उसाच्या ट्रॉलीमागं अर्धा तास गेला,
तिथं पहिल्यांदा सलग बोलले :
आमच्याकडं एक देऊळ आहे,
दर वीस वर्षांनी उतरवतात
आणि शेजारच्या जागेत तेच पुन्हा उभं करतात,
नव्या लाकडात.
लहान असताना मीही दोन पांढरे गोटे वाहून नेले होते.
"मग त्यातलं जुनं कंचं म्हणायचं?"
बाबासोचा प्रश्न मी जमेल तसा पोचवला.
ते उसाकडं बघत राहिले बराच वेळ.
उत्तर दिलं असेल, तर मला कळलं नाही.

खिद्रापुरात ऊन कलतं झालेलं.
सोंडा तुटलेले हत्ती
तरीही देऊळ पाठीवर घेऊन उभे.
"कोपेश्वर," बाबासो म्हणाला, "सांगा त्यांस्नी, रुसलेला देव हाय."
रुसण्याला माझ्याकडं शब्द नव्हता.
रागावला आहे, एवढंच म्हणाले.
तशी त्यांनी चाल हळू केली,
घरात कुणी आजारी असावं तशी.

स्वर्गमंडपात ते मधल्या वाटोळ्या दगडावर थांबले.
वर छताच्या जागी गोल आकाश,
काठावर दोन पोपट भांडत.
खिशातून नाणं काढलं, पाच येनचं,
पितळी, मधे भोक.
डोळ्याला लावून वर बघितलं,
मग माझ्याकडं दिलं, मी बाबासोकडं.
आळीपाळीनं तिघांनी
भोकातून भोक बघितलं.

ह्याचं नाव गो-एन, ते म्हणाले,
पण त्याच उच्चाराचा आणखी एक शब्द आहे आमच्यात,
माणसामाणसांत आधीपासूनच असतं ते...
इथं मात्र मला लगेच सापडला :
ऋणानुबंध.
"म्हंजे उधारी?" बाबासो.
मी तेही सांगितलं.
इतके हसले, की पोपट उडाले.
नाणं बाबासोकडंच राहिलं, किल्लीच्या कडीत.

सोमवारी त्यांनी अकरा नग बाजूला काढले.
कातल्यावर दिसलं, आत तिळाएवढी हवा अडकलेली.
साचे दादांनी भरले होते, माझ्या वडलांनी.
रिजेक्ट ह्या शब्दाला दुभाषी लागत नाही.
दादांनी एक नग उचलला,
खिडकीच्या उजेडाकडं धरला
आणि काही न बोलता ठेवून दिला.

कुरोकावा-सान वहीत आकडे लिहीत होते.
त्यांच्या कानामागं अजून गुलाल होता.
'डाग' ला काय म्हणतात ते आता आठवत होतं मला.
मी बोलले नाही.